रेल्वेवेड्या मुलाचा पाचवा वाढदिवस: थीम कशी जमवावी?

दुसऱ्या गेटची आई

नमस्कार मंडळी. बेळगावात, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटपासून चार घरं सोडून आम्ही राहतो. धाकट्याला जानेवारीत पाच वर्षं पूर्ण होतील. वाढदिवस थीम ठरवून करायचा आहे, पण गेल्या वर्षीसारखा नाही.

गेल्या वर्षी आम्ही सजावटवाल्यांना सगळं सोपवलं होतं. कार्टूनची थीम, फुग्यांची कमान, मोठे स्पीकर, आणि त्या कार्टूनचा पोशाख घातलेला माणूस. तो माणूस दारातून आत आला, स्पीकर दणाणला आणि माझा मुलगा जेवणाच्या टेबलाखाली गेला. दोन्ही कानांवर हात, डोळे मिटलेले. पाऊण तास बाहेर आला नाही. चाराचा आकडा असलेली मेणबत्ती तशीच राहिली. पाहुणे जेवून गेले, फोटो निघाले, त्यातल्या एकाही फोटोत तो नाही. रात्री झोपताना म्हणाला, "आई, तो गेला का?" ते अजून कानात आहे.

या वर्षी त्याला काय आवडतं तिथूनच सुरुवात करायची. त्याला रेल्वे आवडते. गेट पडलं की हातातलं सगळं टाकून तो गच्चीत पळतो. स्टेशनवरची घोषणा तिन्ही भाषांत म्हणून दाखवतो, "प्रयाणिकर गमनक्के"पासून. बाजारातलं रेल्वेच्या चित्रांचं तयार सामान बघितलं. ताटं, टोप्या, पडदा, सगळ्यांवर परदेशी इंजिनाला डोळे-तोंड काढलेलं. आमच्या गेटवरून जाणारी गाडी अशी नसते, आणि ते त्यालाही कळतं.

मुलं साधारण बारा येतील, चार ते सहा वर्षांची. घरापुढे मोकळं अंगण आहे. खर्च पाच हजारांच्या आत बसवायचा आहे. सुचवा.

बालवाडीच्या बाई

तुमची पोस्ट वाचून पोटात कालवलं. बावीस वर्षं बालवाडी चालवते. तीन-चार वर्षांच्या मुलांना मुखवटा, मोठं डोकं आणि न हलणारे डोळे यांची भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे. आत माणूस आहे हे त्यांना सांगून कळत नाही. त्याला टेबलाखालून ओढून काढलं नाहीत, हे फार चांगलं केलंत.

थीम म्हणजे भिंतीवर काय लावलं ते नव्हे. थीम म्हणजे मुलं दोन तास काय करणार आहेत. मोठ्यांना सजावट दिसते, मुलांना हाताला काय लागतं तेवढंच आठवतं. म्हणून आधी खेळ ठरवा, सजावट त्यातून आपोआप निघेल.

या वयाचं मूल एका गोष्टीत दहा-बारा मिनिटं रमतं. बारा मुलं असतील तर तीन मोठी माणसं फक्त मुलांसाठी हवीत. ती स्वयंपाकघरात अडकलेली नकोत. वेळ चार ते सहा ठेवा. सात वाजता बोलावलेली मुलं आधीच पेंगुळलेली असतात आणि मग रडारड होते.

आणि घरात एक शांत खोली ठेवा. सतरंजी, दोन उशा, चार चित्रांची पुस्तकं. ज्याला गर्दी नको झाली त्याने तिथे जाऊन बसायचं, कुणी विचारायचं नाही. तुमच्या मुलाला ही खोली आदल्या दिवशीच दाखवून ठेवा.

शहापूरची आज्जी

जानेवारीत वाढदिवस, मग संक्रांत जवळच की. बोरन्हाण घाला त्याला. पाच वर्षांपर्यंत घालतात. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतायचे. सगळी पोरं वेचायला धावतात. माझ्या चारही नातवंडांचं केलंय. आपल्याकडची थीम पार्टी ती हीच, पूर्वीपासूनची. हलव्याचे दागिने मी करून देते, लांब असलात तर कुणाच्या तरी हाती पाठवते.

दुसऱ्या गेटची आई

आज्जी, तुम्ही दागिने करून देते म्हणालात यानेच भरून आलं. बोरन्हाण संक्रांतीनंतर वेगळं करूच, दागिने तुमच्याकडूनच घेईन. वाढदिवसादिवशी मात्र रेल्वेच, त्याला शब्द दिलाय.

हिंडलग्याची सिस्टर

बोरन्हाणाचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी मुलांच्या वॉर्डात काम करते.

बोराची बी, शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, चघळायच्या कडक गोळ्या, अख्खी द्राक्षं: पाच वर्षांखालच्या मुलांना पळता-खेळताना यातलं काही नको. श्वासनलिकेत अडकतं. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून चार फोडी करा. बोरन्हाणात धाकट्या भावंडांच्या हातातली बोरं लगेच काढून घ्या, चुरमुरे राहू देत.

फुगे. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा मुलं तोंडात घालतात, तो ओला होऊन घशात चिकटतो आणि काढायला फार अवघड जातो. फुगा फुटला की तुकडे मोठ्या माणसाने तेव्हाच उचलायचे. हवेत तरंगणारे फुगे घेताना आत कोणता वायू आहे ते विचारा. हायड्रोजन असेल तर मेणबत्तीजवळ भडका उडतो. हेलियम पेट घेत नाही.

फेसाचा स्प्रे, तो बर्फासारखा उडवतात ना, त्यात दाबाखाली पेट घेणारा वायू असतो. केकवर मेणबत्ती जळतेय आणि वरून स्प्रे मारतायत, हे दृश्य मला बघवत नाही. तो आणूच नका.

आणि कुणाला घास लागलाच तर: मूल खोकत असेल तर खोकू द्या, पाठीत धपाटे नकोत. खोकता येत नसेल, आवाज फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच जोरदार थापट्या. तेवढ्याने सुटलं नाही तर मागून मिठी मारून, बेंबीच्या वर मूठ ठेवून, आत आणि वर पाच हिसके. मग पुन्हा थापट्या. हे एक वर्षावरच्या मुलांसाठी. दिसत नसताना तोंडात बोट घालू नका, वस्तू आणखी खाली जाते. तोवर दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा. जी तीन मोठी माणसं मुलांजवळ असतील, त्यांना हे आधी करून दाखवा.

पुण्यातला बेळगावकर

वाचतोय. सिस्टरांची पोस्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली.

खानापुरी माती

होय की ओ, रेल्वेच करायची तर आपली लोंढा-मिरज लाइनच करा की! अंगणात स्टेशनं मांडा आणि प्रत्येक स्टेशनावर त्या गावचं काहीतरी करायला ठेवा. लोंढ्याला जंगल, खानापूरला माती, बेळगावला किल्ला, गोकाक रोडला धबधबा. गाडी थांबली की पोरं उतरली, काम केलं, शिट्टी झाली की परत गाडीत.

खानापूरचं माझ्याकडे लागलं. आमचं घर कुंभारकामातलं. खानापूरची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली, कुंभारकाम शिकवायची केंद्रीय संस्था म्हणून आमच्या गावात उगीच नाही काढली. बारा पोरांना सहा किलो मळलेली माती पुरे, एकाला अर्धा किलो. माती आदल्या दिवशी नेऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, वरून पातेलं उपडं घाला. फडकं सुकलं की पाणी शिंपडायचं. फिरत्या चाकावर बसवू नका, या वयात जमत नाही आणि एकेकाला बसवेपर्यंत बाकीची कंटाळतात. हाताने पणती, बैल, साप करू देत. सापाची वेटोळी एकावर एक ठेवली की मडकं होतं. ते बघून पोरं वेडी होतात.

वाळवायचं सावलीत, चार दिवस. उन्हात ठेवलं की तडकणारच. भाजलेली नसते म्हणून त्यात पाणी घालू नका, विरघळते. पोरांना हे आधी सांगा, नाहीतर घरी जाऊन पणतीत पाणी ओततील आणि रडतील.

दुसऱ्या गेटची आई

खानापुरी माती, तुम्ही माझा प्रश्नच सोडवलात. त्याला ही सगळी स्टेशनं ओळीने पाठ आहेत! आजीकडे मिरजेला जातो ना आम्ही गाडीने. मग शेवटचं स्टेशन मिरज.

चिकोडीचा बाबा

मिरज म्हणजे तंतुवाद्यं. तिथली सतार आणि तंबोरा, २०२४ साली दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या झाकणाला गोल भोक पाडायचं आणि त्यावर जाड-बारीक रबरं ताणून बसवायची. जाड रबराचा आवाज खाली, बारीकचा वर. खोक्याच्या एका टोकाला रबरांखाली पेन्सिल आडवी सरकवली की आवाज खुलतो. मी मुलीसोबत केलंय, अर्धा तास वाजवत बसली होती. रबर तुटून डोळ्याला लागू नये म्हणून जुनी, चिरा पडलेली रबरं वापरू नका.

निपाणीकर

सगळ्यांचा उत्साह बघून बरं वाटतं, तरी एक मनातलं लिहितो. आमच्या घरी वाढदिवस म्हणजे सकाळी अंघोळ, आईने पाटावर बसवून ओवाळणं, सुपारी आणि सोन्याची अंगठी निरांजनाभोवती फिरवून ताटलीत ठेवणं, देवाला आणि आज्जीला नमस्कार, आणि शिरा. एवढंच. आईच्या हातातल्या निरांजनाचा उजेड तोंडावर पडायचा तो मला आज पंचेचाळिसाव्या वर्षीही आठवतो. आता वर्गातल्या एकाने केलं म्हणून दुसऱ्याला करावं लागतं, ज्यांना झेपत नाही ते कर्ज काढतात. माझ्याकडे कामाला असलेल्या माणसाने मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी माझ्याकडून उचल घेतली, ती वर्षभर फेडत होता. मला ते फार लागलं.

बालवाडीच्या बाई

निपाणीकर, तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी पालकांना सांगते की औक्षण सोडू नका, ते मुलाचं एकट्याचं असतं. चारच्या कार्यक्रमात सगळ्यांचं लक्ष केकवर, सकाळी सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर. आणि निमंत्रणावर "भेटवस्तू आणू नये, येताना आवडलेल्या प्रवासाचं एक चित्र काढून आणावं" एवढं लिहा. घेणाऱ्याचंही आणि देणाऱ्याचंही ओझं उतरतं.

बेळगुंदीची ताई

खर्चाचं निघालं म्हणून आमचं सांगतो. आमच्याकडं हॉल नाही, अंगण पण लहान. लेकाच्या सहाव्या वाढदिवसाला पोरांना रताळ्याच्या वावरात नेलं. आमच्या पट्ट्यात रताळी भरपूर. दोन सऱ्या पोरांसाठी राखून ठेवल्या होत्या, वेल आधीच कापून बाजूला केलेले. प्रत्येकाला एक लहान खुरपं आणि पिशवी, पिशवीवर नाव. माती उकरत गेलं की लाल रताळं दिसतं, तेव्हा जो ओरडा करतात, वा! एकाला केवढं तरी मोठं सापडलं, दोघांनी मिळून ओढलं. मग निखाऱ्यात भाजून, साल काढून, तूप-गूळ घालून दिलं. केक नव्हता. कुणी मागितला पण नाही. खर्च गूळ-तुपाचा आणि पिशव्यांचा. शहरातल्या तीन पोरांनी रताळं जमिनीखाली येतं हे पहिल्यांदा बघितलं.

निखाऱ्याजवळ फक्त मी आणि दीर. पोरांना दहा पावलांवर चुन्याची रेघ मारून बसवलं होतं.

चिकोडीचा बाबा

याच्यापुढे आमच्या गुऱ्हाळाच्या सहलीचं सांगायला नको. तिथे उकळती काहील असते, लहानांना नेऊच नये, हे मी नेल्यावर शिकलो. सुदैवाने काही झालं नाही.

गोकाकची सून

गोकाक रोडला धबधबा करताय तर धबधब्याचं खरं माप मुलांना दाखवा. घटप्रभा नदी तिथे ५२ मीटर खाली पडते. मुलांना मीटर कळत नाही, पण "तुमच्या घरासारखी सतरा घरं एकावर एक" म्हटलं की तोंडं उघडी राहतात. खेळ म्हणून: पत्र्याची पन्हळ किंवा अर्धा चिरलेला पाइप तिरका बांधा, वरून तांब्याने पाणी, खाली बादली, मधे कागदी होड्या. जानेवारीत ऊन उतरायच्या आत हे स्टेशन उरका, नाहीतर ओली मुलं गारठतील. बदलायला एकेक कपडा आणायला सांगा.

परतभेटीसाठी आमच्या गोकाकची लाकडी खेळणी घ्या. हलक्या लाकडाची, हाताने रंगवलेली फळं, भाज्या, पक्षी. आंबा असा की हातात घेतल्यावर वजनावरूनच लाकडाचा कळतो. कारागीर कमी राहिलेत, दोन-चार घरांनी घेतलं तरी त्यांना आधार होतो. फक्त वय बघून घ्या, बारीक देठ किंवा सुटा भाग असलेलं नको.

कॅम्पातला दादा

इंजिन मी करून देतो. आम्ही कॅम्पातली पोरं, ३१ डिसेंबरला जाळायला ओल्ड मॅनचा पुतळा करण्यात लहानपण गेलंय. पुठ्ठा, कामट्या, गोणपाट, यात हात बसलेला आहे.

वॉशिंग मशीनचं खोकं मिळवा, फ्रिजचं फार उंच होतं. वरचा-खालचा भाग कापा, आत मूल उभं राहील, खांद्यावरून दोन पट्टे. तोंडाला जुन्या पुठ्ठ्याच्या डब्याचं गोल. थर्माकोल वापरू नका. १ जुलै २०२२ पासून सजावटीचं थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकची ताटं-चमचे-स्ट्रॉ सगळ्यावर देशभर बंदी आहे. फ्लेक्सचा बोर्डही करू नका, पुठ्ठ्यावर पिवळा कागद चिकटवा आणि काळ्या रंगाने स्टेशनाचं नाव लिहा, खऱ्यासारखं वर कन्नड, मग देवनागरी, मग इंग्रजी. मैद्याची खळ करा, त्यात चिमूटभर मोरचूद घालतात ते मुलांच्या वस्तूला नको, विषारी असतं. खळ ताजी करून त्याच दिवशी संपवा.

डबे खोक्यांचे करू नका. बारा खोकी एकमेकांना बांधून चालत नाहीत, पहिल्या वळणाला फाटतात. सुती दोर घ्या, त्याला गाठी मारा, प्रत्येक गाठीवर एक मूल. गाडी तयार.

अनगोळची अक्का

माझं माहेर हुबळीकडं, सासर अनगोळला. घरात नवरा-सासू मराठी, मी मुलांशी कन्नड. आमच्या मुलीला दोन्ही येतं, पण वाढदिवसाला गेलं की एका बाजूला मराठी मुलं, एका बाजूला कन्नड मुलं असं आपोआप होतं. मोठी माणसं पण तशीच बसतात. तुमच्या रेल्वेत हे होणार नाही असं वाटतं, कारण गाडीत सगळे एकाच दोरीला. माझी एक विनंती, तिकीट देणाऱ्या माणसाने मूल ज्या भाषेत बोलेल त्यातच बोलावं. "टिकेट कोडि" म्हटलं की "तगोळि" म्हणून द्यायचं. नवीन मुलाला त्या एका शब्दाने धीर येतो. केक कापताना "हुट्टुहब्बद शुभाशयगळु" पण म्हणा.

दुसऱ्या गेटची आई

अक्का, निमंत्रण दोन्ही भाषांत करतेच आहे. आमच्या समोरच्या अज्जी फक्त कन्नड बोलतात आणि तो त्यांच्याच मांडीवर वाढलाय. तिकीट खिडकी त्यांनाच देते.

केकचं विचारायचं राहिलं. आणि गुलाबी बुढ्ढी के बाल त्याला फार आवडतात, मशीन भाड्याने मिळतंय. आणू का?

हिंडलग्याची सिस्टर

रंगवलेले नको. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने बुढ्ढी के बाल आणि गोबी मंचुरीत कृत्रिम रंग घालायला मनाई केली, कारण नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं. तो कापड रंगवायचा रंग आहे. पांढरे, बिनरंगाचे चालतात, तेही एकाला एक लहान काडी. आणि कुणी धूर निघणारी बिस्किटं सुचवली तर सरळ नाही म्हणा. तो द्रव नायट्रोजन असतो, उणे १९६ अंशांचा. तोंड-घसा-पोट भाजतं.

सदाशिवनगरची सुगरण

केक: मोठा साचा लागत नाही. चार लहान लांबट बार केक भाजा, एकामागे एक ठेवले की डबे. इंजिनासाठी पाचवा, त्यावर अर्धा तुकडा उभा. चाकांना क्रीमची गोल बिस्किटं, एका डब्याला चार. चाकं अगदी शेवटी, केक बाहेर न्यायच्या दहा मिनिटं आधी लावा. मी आदल्या रात्री लावली होती, सकाळपर्यंत बिस्किटं मऊ पडून खाली घसरली. डब्यांत माल भरायचा: एकात डाळिंबाचे दाणे, एकात किसलेलं चॉकलेट, एकात कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई. कुंदा बेळगाव स्टेशनाला हवाच! लहान चमचाभर वाढा, गोड फार असतो.

खाऊ द्रोणात द्या: तीन पड्डू (म्हणजे आप्पे), शेंगदाणे न घातलेला चुरमुऱ्याचा चिवडा, एक केळं. पड्डू गार झाले तरी चांगले लागतात, म्हणून वड्यापेक्षा बरे. अंडं, दूध, शेंगदाणे कुणाला चालत नाहीत का ते निमंत्रणातच विचारून घ्या.

भीमगडचा भटक्या

लोंढ्याचं जंगल कुणी घेतलं नाही, मी घेतो. भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यातच आहे, तिथलेच प्राणी ठेवा, सिंह-जिराफ नकोत. गवा, बिबट्या, शेकरू, धनेश आणि वटवाघूळ. भीमगडजवळच्या बारापेडे गुहेत अत्यंत दुर्मिळ वटवाघूळ राहतं, आपल्या मुलांना ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. खेळ: रांगोळीच्या चाळणीने ओल्या मातीवर ठसे काढून ठेवतो. बिबट्याच्या ठशात नखं दिसत नाहीत, तो ती आत ओढून चालतो. कुत्र्याच्या ठशात दिसतात. मुलांनी ओळखायचं बिबट्या की कुत्रा. ठशांचे पुठ्ठे माझ्याकडे आहेत, घेऊन जा.

दुसऱ्या गेटची आई

(वाढदिवसानंतर तीन दिवसांनी)

आधी सगळ्यांना नमस्कार. झाला वाढदिवस. जमेल तेवढं लिहिते.

सकाळी औक्षण केलं, शिरा केला. निपाणीकर, तुमची आठवण काढली. पाटावर बसून तो निरांजनाकडे बघत होता, मी अंगठी फिरवताना डोळे तिच्याबरोबर फिरत होते.

चार वाजता समोरच्या अज्जी खिडकीत बसल्या. खिडकी म्हणजे आमचं इस्त्रीचं टेबल, वर चादर. तिकिटं पूर्वीच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांसारखी केली होती, सव्वादोन इंच बाय सव्वा इंच. प्रत्येक स्टेशनावर सासरे पंचाने एक भोक पाडायचे. पाच भोकं झाली की गोकाकचं खेळणं. सासऱ्यांनी मीटरगेजचा काळ बघितलेला. खांद्यावर टॉवेल, कानावर पेन्सिल, आणि चेहरा इतका गंभीर की मुलं रांगेत उभी राहिली. त्यांना इतकं खुलून बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

लोंढ्याला बिबट्या-कुत्रा सगळ्यांनी ओळखले, दोन मुली तर नंतर आमच्या मोत्याचे ठसे शोधत अंगणभर फिरल्या. खानापूरला गाडी अडकली. दहा मिनिटं धरली होती, पंचवीस झाली. कुणी माती सोडेना. बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "सोडू नका, बेळगावचा किल्ला रद्द करा." तसंच केलं, बेळगावला फक्त कुंदा. गोकाक रोडला तीन मुलं भिजली. मिरजेला रबरांचा जो गोंगाट झाला त्याला मी घाबरले होते, त्याच्यासाठी. पण तो आवाज त्याने स्वतः काढलेला होता. कान झाकले नाहीत.

चुकलं ते शिट्टीचं. गार्डाची शिट्टी एकच आणली, त्यावरून दोघांत मारामारी झाली, आणि एकाच्या तोंडातली दुसऱ्याच्या तोंडात गेली. सिस्टर, मला तेव्हाच तुम्ही आठवलात. शिट्टी काढून घेतली आणि हिरवा झेंडा आळीपाळीने दिला. पुढच्या वेळी झेंडाच ठेवा.

शांत खोलीत तो एकदा गेला, बरोबर केकच्या आधी. मी दारात थांबले, आत गेले नाही. सतरंजीवर पडून पंख्याकडे बघत होता. पाच-सात मिनिटांनी उठून आला आणि म्हणाला, "आता गाडी सुटणार." मग अंगणात उभा राहून तिन्ही भाषांत घोषणा केली, प्रयाणिकर गमनक्के म्हणून सुरू, आणि सगळी मुलं धावत दोरीला आली. मेणबत्ती त्याने स्वतः विझवली. अज्जींनी कन्नडमध्ये शुभेच्छा म्हटल्या, त्यामागून सगळ्यांनी.

तेवढ्यात गेट पडलं. खरी गाडी आली. बारा मुलं, दोरी हातात, केक तसाच ठेवून कुंपणाला. मालगाडी होती, डबे संपेचनात. सगळ्यांनी मिळून मोजले, बेचाळीसपर्यंत मराठीत, पुढे अक्कांच्या मुलीने कन्नडमध्ये.

खर्च चार हजार तीनशे झाला, त्यातले निम्मे खेळण्यांचे. पणत्या सावलीत वाळतायत, एकीलाही तडा नाही.

शहापूरची आज्जी

वाचताना डोळे भरले गं. हलव्याचे दागिने तयार आहेत. मुकुट जरा मोठा झालाय, आतून कापूस लाव.

बेळगुंदीची ताई

लई भारी! आमच्या गावात पण करूलालोय आता, अंगणवाडीतल्या पोरांसाठी. आमच्याकडून रेल्वे जात नाही, तर बस करतो. बेळगाव-बेळगुंदी, मधले सगळे थांबे. दोरीच्या गाठी किती अंतरावर मारल्या ते सांगा की.

कॅम्पातला दादा

दीड फूट. पहिली गाठ इंजिनापासून दोन फुटांवर, नाहीतर पहिलं मूल पुठ्ठ्याला आदळतं. दोर बोटाएवढा जाड घ्या, नायलॉनचा नको, हात सोलतात. बससाठी पुढचं खोकं मी देतो, शनिवारी बेळगावला येणार असाल तर कॅम्पात येऊन घेऊन जा. लाल रंग लावूनच ठेवतो.